समुद्र नसलेल्या मुलखातलं भ्रूणशास्त्र

प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात फलनाचा धडा उघडला की पहिली आकृती बहुधा सी-अर्चिनची असते. समुद्रातल्या खडकांना धरून राहणारा, अंगभर काटे असलेला, मुठीएवढा गोल प्राणी. यवतमाळ, अमरावती, वर्ध्याच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्याच्या बीजाची आकृती प्रॅक्टिकलच्या वहीत काढली, बाण काढून नावं दिली आणि मार्क मिळवले. तो प्राणी मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिला असेल. यवतमाळहून पूर्वेला जा की पश्चिमेला, समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडेच लागतो. वणीच्या बाजूचा चुनखडक समुद्राच्याच तळाशी साचला हे खरं, पण तो इतका प्राचीन की त्या काळी सी-अर्चिन पृथ्वीवर यायचाच होता.

अशा कोरड्या मुलखात, विसाव्या शतकाच्या मध्यावर, बीज कसं पक्व होतं, कधी फळतं आणि गर्भ आईच्या पोटात कुठे नि कसा रुजतो याचा चिवट अभ्यास झाला. त्याच्यासाठी निवडलेला प्राणी विदर्भातल्या जुन्या इमारतींत आणि गावाबाहेरच्या वडा-पिंपळांवर हजारोंनी लटकत होता. भ्रूणशास्त्राचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. ज्याच्या दारात जे जनावर होतं ते त्याने धरलं, आणि त्या जनावराने जे दाखवलं तेच त्याचं शास्त्र झालं.

युरोपात ते जनावर सी-अर्चिन होतं. १८७५ साली ऑस्कर हर्टविग हा २६ वर्षांचा जर्मन तरुण भूमध्य समुद्राच्या काठी सूक्ष्मदर्शक घेऊन बसला. शुक्रजंतू बीजाला फक्त चेतवतो की त्याच्यात शिरून काही भर घालतो, यावर तोवर एकमत नव्हतं. सी-अर्चिनचे नर-मादी आपापलं बीज समुद्राच्या पाण्यात सोडून मोकळे होतात. पुढचं सगळं उघड्यावर घडतं, आणि काही जातींचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं. हर्टविगला अंड्यात दोन केंद्रकं दिसली. ती एकमेकांकडे सरकली आणि एक झाली. त्यांतलं एक शुक्रजंतूचं होतं. हर्मान फोल याने पुढच्या दोनचार वर्षांत तारामाशाच्या अंड्यात शुक्रजंतू शिरतानाच पाहिला. १८९१ साली हान्स ड्रीश याने ट्रिएस्टला त्याहून मोठी करामत केली. सी-अर्चिनचं फळलेलं अंडं दोन पेशींचं झालं असताना त्याने ते जोराने हलवून त्या पेशी सुट्या केल्या. अर्ध्या गर्भातून अर्धं पिल्लू निघेल अशी अपेक्षा होती. निघालं ते आकाराने लहान, पण पुरतं पिल्लू.

या सगळ्यांना एक सुख होतं. सकाळी समुद्रातून प्राणी आणावा, बशीत बीज आणि शुक्रजंतू एकत्र करावेत, दुपारपर्यंत पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होताना पाहाव्यात. फळलेल्या अंड्याभोवतीचं आवरण तर मिनिटाभरात फुगून वर येतं. एकाच अंड्याची सारी हकीकत एका बैठकीत डोळ्यांसमोर उलगडते.

सस्तन प्राण्यांच्या बाबतीत हे सुख नाही. सस्तन प्राण्याला बीज असतं हेच मुळी १८२७ साली कळलं, कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर याने ते कुत्रीत शोधलं तेव्हा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं ते बीज आईच्या शरीरात खोल दडलेलं. ते फळतं बीजवाहिनीत, रुजतं गर्भाशयात, आणि बघायचं तर आईला मारून, तेही नेमक्या वेळी.

नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये मो. अ. मोघे यांनी हे काम हाती घेतलं तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि यवतमाळ, अमरावती हे जिल्हे तिच्या हाताखाली होते. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं होतं, आणि वऱ्हाडातल्या मुलांची पदवीची वाट तिकडेच जात होती. मोघ्यांनी घेतलं ते आपल्याकडचं सर्वांत मोठं वटवाघूळ, फळं खाणारा टेरोपस. चिंचेवर, वडावर दिवसभर उलटा लटकणारा आणि अंधार पडला की पेरूच्या बागेवर उतरणारा. त्याचा गर्भ कसा वाढतो आणि वार कशी बनते यावरचा त्यांचा लेख १९५१ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या प्रोसिडिंग्जमध्ये आला. पाच वर्षांनी त्यांनी सायनॉप्टेरस या लहान फळखाऊ वटवाघळावरही लिहिलं.

वटवाघूळच का, याचं उत्तर मला तरी साधं वाटतं. फुकट मिळतं, भरपूर मिळतं, आणि ते मारलं म्हणून कुणी भांडायला येत नव्हतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यातसुद्धा फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात बसवली होती. पण यापलीकडे एक शास्त्रीय कारणही आहे. उंदीर, ससा, गिनीपिग यांच्यावर परदेशी प्रयोगशाळांत ढीगभर काम झालं होतं. वटवाघळांच्या जाती पुष्कळ, आणि प्रत्येक जातीची वीण, गर्भाशय, वार वेगळी. जो बारकाईने पाहील त्याला नवं काही सापडणारच होतं.

मोघ्यांच्या मागून आलेले अ. गोपालकृष्ण यांनी हे पाहणं आयुष्यभराचं काम केलं. दक्षिण भारतातल्या स्कोटोफिलस या कीटकभक्षी वटवाघळावरचे त्यांचे पहिले लेख १९४७-४८ साली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसिडिंग्जमध्ये आले. नंतर नागपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा मोठा गोतावळा जमला. १९५० साली त्यांनी मेगाडर्मा लायरा या जातीवर लिहिलं. जुन्या लेखांत तिला ‘इंडियन व्हॅम्पायर’ म्हटलेलं असतं. नाव भयंकर आहे, पण बिचारी रक्त पीत नाही. बेडूक, उंदीर, नाकतोडे खाऊन राहते.

हे काम कसं चालायचं ते समजून घेतल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. सी-अर्चिनचं एक अंडं पूर्ण गोष्ट सांगतं. वटवाघळाची एक मादी गोष्टीतला एकच क्षण दाखवते, जो क्षण तिच्या मृत्यूच्या वेळी तिच्या पोटात चालू होता तो. म्हणून एका ठिकाणच्या माद्या वर्षभर, दर महिन्याला, विणीच्या दिवसांत तर दर आठवड्याला धरायच्या. बीजकोश आणि गर्भाशय काढून बोइनच्या द्रावात टाकायचे. त्यात पिक्रिक आम्ल असतं, त्यामुळे अवयव पिवळाजर्द होतो आणि हाताळणाऱ्याची बोटंही. मग अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, मग वितळलेलं पॅराफिन मेण. मेणाचा ठोकळा मायक्रोटोमला लावला की काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर पडतात. ती फीत कोमट पाण्यावर पसरायची, अंड्याचा पांढरा भाग आणि ग्लिसरीन लावलेल्या काचपट्टीवर उचलायची, हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी आणि इओसिनने बाकीचं गुलाबी करायचं. बीज जेमतेम शंभर मायक्रॉनचं आणि काप सातआठ मायक्रॉनचा, म्हणजे सबंध बीज बारा-चौदा कापांत संपतं. गर्भाशय आणि बीजवाहिनीचे शेकडो काप डोळ्यांखालून घालायचे आणि ते बारा-चौदा चुकवायचे नाहीत. मधली फीत फाटली तर ती मादी वाया.

आणि हे झाल्यावर खरं काम सुरू होतं. लग्नाच्या अल्बममधले फोटो जमिनीवर विखुरलेत आणि कुठला आधीचा, कुठला नंतरचा हे चेहऱ्यांवरून ओळखून परत लावायचेत, तसा हा प्रकार. दोन पेशींचा गर्भ अमुक तारखेच्या मादीत, सोळा पेशींचा तमुक तारखेच्या, आणि पोकळ गोळा झालेला ब्लास्टोसिस्ट गर्भाशयाच्या भिंतीला टेकलेला आणखी पुढच्या. अशा शेकडो माद्यांतून एका गर्भाचं चरित्र जोडायचं.

यातून हाती काय आलं? पहिली गोष्ट वेळेची. शीत प्रदेशातली वटवाघळं शरद ऋतूत संग करतात, हिवाळाभर निद्रिस्त राहतात, आणि मादीचं बीज वसंतात सुटतं. मधले महिने शुक्रजंतू मादीच्या शरीरात जिवंत राहतात. युरोपात हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं, आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या विल्यम विमसॅट यांनी १९४०च्या दशकात त्यावर प्रयोग केले. थंडीची झोप आणि शुक्रजंतूंची साठवण यांची सांगड तेव्हा पक्की मानली जाई. विदर्भात तशी झोप घेण्याजोगी थंडी नाही. तरी गोपालकृष्ण आणि अ. माधवन यांनी १९७१ साली पिपिस्ट्रेलस सिलोनिकस या आपल्याकडच्या लहान वटवाघळाच्या मादीतही शुक्रजंतू टिकून राहतात असं दाखवलं. १९७८ साली वाराणसीच्या अमिताभ कृष्ण आणि सी. जे. डॉमिनिक यांनी स्कोटोफिलस हीथी या जातीत तेच नोंदवलं. उन्हाळ्यात धग ओकणाऱ्या मुलखातल्या प्राण्यांनी ती सांगड मोडली. नागपूरच्या कामातलं हे मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण सिद्धान्त युरोपचा होता आणि तो तपासायला लागणारं जनावर आपल्याकडे होतं.

दुसरी गोष्ट हंगामाची. बहुतेक जाती पिल्लाचं दूध तुटण्याची वेळ आणि खाण्याची चंगळ यांचा मेळ घालून वर्षातून एकदा वितात. पण टॅफोझोस लाँगिमॅनस ही जात नागपुरात वर्षभर विते, असं गोपालकृष्णांनी १९५५ साली लिहिलं. एका महिन्यातही तिच्यात गरोदर मादी सापडली नाही असं होत नाही. सायनॉप्टेरस आणि रूसेटस या फळखाऊ जाती वर्षाला दोनदा वितात, आणि त्यांच्या दोन शिंगांच्या गर्भाशयात एका खेपेला उजवं शिंग तर पुढच्या खेपेला डावं, अशी पाळी चालते. काही कीटकभक्षी जातींत याच्या उलट. दोन शिंगं असून गर्भ कायम एकाच बाजूला राहतो, दुसरी बाजू नुसती नावाला. असं का, ही भानगड अजून पुरती सुटलेली नाही.

तिसरी गोष्ट वारेची आणि गर्भाभोवतीच्या पडद्यांची. तिचं वर्णन लेखात करणं मुश्कील आहे, वाचणाऱ्याचा धीर सुटेल. एवढं सांगतो की गोपालकृष्ण आणि के. बी. करीम यांनी १९८० साली अनेक जातींचे गर्भपडदे समोर ठेवून कुठलं वटवाघूळ कुणाचा चुलत, कुणाचा सख्खा, याची मांडणी केली. त्याच्या आदल्या वर्षी रूसेटसच्या गर्भाच्या बलककोशाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावर करीम आणि गोपालकृष्ण यांच्याबरोबर कॉर्नेलचे विमसॅट आणि अमेरिकेतलेच ॲलन एंडर्स यांची नावं आहेत. ज्यांचे लेख वाचून नागपूरकर शिकले, तेच आता त्यांच्या शेजारी सही करत होते.

गोतावळा अमरावतीला पसरला. वि. म. सपकाळ, दि. अ. भिवगडे यांच्या हाताखाली तिथेही माद्यांची कॅलेंडरं भरू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ‘भारतीय वटवाघळांची वीण’ अशा मथळ्याची लेखमाला वर्षानुवर्षं भाग पहिला, दुसरा, आठवा, नववा अशी चालली. लेखक बदलत गेले, पण बहुतेक नावं नागपूर-अमरावतीचीच. १ मे १९८३ला अमरावती विद्यापीठ निघालं आणि यवतमाळ जिल्ह्यातली कॉलेजं नागपूरऐवजी अमरावतीशी जोडली गेली, तोवर ही माला जोरात होती.

या कामात एक उणीव आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. ते पाहण्याचं शास्त्र राहिलं, करून पाहण्याचं फारसं झालं नाही. ड्रीशसारखा गर्भ हलवून, पेशी सुट्या करून प्रश्न विचारायचा तर गर्भ शरीराबाहेर जिवंत ठेवता यायला हवा. तेही आपल्याकडे झालं, पण दुसऱ्या जनावरावर आणि दुसऱ्या गावी. एडिंबराला भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुण्यात कोंबडीच्या गर्भावर काम उभं केलं. कोंबडीचं अंडं तर बाजारातच मिळतं. नागपूर आणि पुणे या दोन धारा एकत्र आल्या असत्या तर काय झालं असतं हा विचार मनात येतो खरा.

वटवाघळाची वाट एका वेगळ्या बाजूने मात्र माणसापर्यंत गेली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जयपूरला लक्ष्मीनारायणपुरम सु. रामस्वामी यांच्या हाताखाली टी. सी. आनंद कुमार नावाचा तरुण काम करत होता. मेगाडर्मात एकदम दोन ब्लास्टोसिस्ट असले तर ते कसे वेगवेगळे रुजतात, यावर त्या दोघांचं टिपण १९६२ साली आलं. म्हणजे गोपालकृष्णांनी बारा वर्षांपूर्वी ज्या जातीवर लिहिलं होतं तीच जात. आनंद कुमार पुढे माकडांच्या दूरच्या नात्यातल्या लोरिसवर आणि दिल्लीच्या एम्समध्ये माकडांवर काम करून मुंबईत परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे संचालक झाले.

तिथून जवळच केईएम रुग्णालय. तिथल्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आनंद कुमार यांच्या गटांनी मिळून बीज शरीराबाहेर फळवण्याचं काम केलं, आणि ६ ऑगस्ट १९८६ला केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला. ‘भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणून वर्तमानपत्रांनी तिला उचलून धरलं. हर्टविगने समुद्राच्या पाण्यात पाहिलेली गोष्ट १११ वर्षांनी परळमध्ये काचेच्या बशीत माणसाच्या बीजाबाबत घडली. बशीत फळलेल्या बीजाच्या पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होताना पाहायच्या आणि योग्य वेळी तो गर्भ आईच्या गर्भाशयात सोडायचा. गर्भ कितव्या टप्प्यावर गर्भाशयात पोहोचला तर रुजतो, हा प्रश्न वटवाघळांच्या कापांतून माणसं आधीच विचारत होती.

गोष्ट इथेच संपती तर फार सोपी झाली असती. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ३ ऑक्टोबर १९७८ला जन्मलेली मुलगी आपण शरीराबाहेर फळवलेल्या बीजापासून झाल्याचं जाहीर केलं होतं. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन इंग्लंडमध्ये जन्मल्याला तेव्हा जेमतेम ७० दिवस झाले होते. मुखर्जींनी गर्भ गोठवून ठेवला होता आणि नंतरच्या पाळीत तो आईच्या पोटात सोडला होता. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, तिच्या अध्यक्षपदी रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. समितीने दावा खोटा ठरवला. मुखर्जींना जपानला जाऊन काम मांडण्याची परवानगी मिळाली नाही, शेवटी बदली झाली ती नेत्ररोग संस्थेत. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली.

१९९७ साली आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना मुखर्जींचे कागद त्यांच्या हाती पडले. त्यांनी ते वाचले आणि एप्रिलमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखर्जी होत. पहिलेपणाचा मान मुंबईला, त्यांच्या स्वतःच्या गटाला मिळालेला होता आणि तो कुणी परत मागितला नव्हता. भारतीय विज्ञानात असा लेख मी तरी दुसरा वाचलेला नाही. ज्याने आयुष्यभर काप मोजून निष्कर्ष काढला त्याला पुरावा समोर असताना डोळे मिटता आले नसावेत, एवढंच म्हणता येईल.

विदर्भातली वटवाघळांच्या अभ्यासाची ही परंपरा आता उताराला लागली आहे. वटवाघळं मारणं आज कुणाला मान्य होणार नाही, आणि ते योग्यच आहे. कॉलेजांतली विच्छेदनं यूजीसीच्या आदेशाने बंद झाली. त्या काळी मारलेल्या हजारो माद्यांचं जे काही उरलं आहे ते मेणाच्या ठोकळ्यांत, काचपट्ट्यांच्या पेट्यांत आणि विणीच्या तारखा लिहिलेल्या वह्यांत. हवामान बदलतंय, पावसाची सुरुवात पुढे-मागे होतेय. अमुक जात १९५० साली नागपुरात कुठल्या आठवड्यात विली होती, याची नोंद आता पुन्हा मिळवता येणार नाही, आणि तुलनेसाठी हीच नोंद लागणार आहे.

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, अमरावती, नागपूर इथल्या ज्या निवृत्त प्राध्यापकांकडे, त्यांच्या मुलाबाळांकडे किंवा एखाद्या कॉलेजच्या अडगळीत अशा पेट्या असतील, त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. पेटीवरची तारीख, गाव आणि जातीचं नाव पुसट झालं असेल तर नव्या कागदावर आजच उतरवून घ्यावं. पिक्रिक आम्लाची जुनी, वाळलेली बाटली सापडली तर मात्र तिला हात न लावता कॉलेजला कळवावं. वाळलेलं पिक्रिक आम्ल स्फोटक असतं.